एकाच ‘रद्द’वर भागवलेली 34 पाने : एका भाषांतर सेवेचा अनुभव

आमच्या गृहनिर्माण संस्थेने गेल्या पावसाळ्यात इंग्रजी कागदांचे एक बाड मराठीत करून घेण्यासाठी पुण्यातील एका भाषांतर सेवेकडे दिले. पाने 34, शब्द 9,400, दर शब्दाला सव्वादोन रुपये, वस्तू व सेवा कर धरून बिल 24,957 रुपये आणि मुदत आठ दिवसांची, असा तो व्यवहार होता. संस्थेची मानद सचिव म्हणून तो मीच पाहिला, आणि त्यापूर्वी शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या एका वकिलांच्या कचेरीत 27 वर्षे टंकलेखिका म्हणून काम केलेले असल्यामुळे हाती आलेला कागद मूळ प्रतीशी ओळीने ताडून पाहण्याची खोडही माझीच. सेवेचे नाव मी देत नाही. त्यांनी पुढे चूक मान्य करून प्रत बदलून दिली, आणि ज्या चुकीविषयी मी लिहिणार आहे ती या एकाच ठिकाणी होते असेही नाही.

कागद कशाचे होते हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय तक्रार कळणार नाही. आमची इमारत ज्याला सगळे पुणे ‘यूएलसीची जमीन’ म्हणते तशा जमिनीवर उभी आहे. नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियम, 1976 या केंद्रीय कायद्याने शहरात एका धारकाने किती मोकळी जमीन बाळगावी याला मर्यादा घातली होती. बृहन्मुंबईत ती 500 चौरस मीटर आणि पुण्यात 1,000 चौरस मीटर होती. त्यावरची जमीन शासनाकडे जायची, परंतु कलम 20 खाली शासन अटी घालून सूट देऊ शकत असे, आणि मग त्या जमिनीवर ठराविक आकाराच्या सदनिकांची योजना उभी राहत असे. आमच्या जमिनीला असा सूट आदेश 1984 साली मिळाला. आता पुनर्विकासाचा विषय निघाल्यावर तो आदेश, त्याच्या अटी आणि त्यावर वकिलांनी दिलेले मोठे अभिप्रायपत्र असे सगळे 48 सभासदांसमोर मराठीतून ठेवणे भाग होते. यांपैकी निम्म्याहून अधिक सभासद सत्तरीच्या पुढचे आहेत आणि इंग्रजी कायद्याची भाषा त्यांच्यापुढे ठेवून त्यांची सही घेणे मला पटणारे नव्हते.

चांगल्या बाजू थोडक्यात सांगते. काम सातव्या दिवशी आले. गट क्रमांक, क्षेत्रफळे, तारखा, आदेशांचे जावक क्रमांक यांत एकही आकडा चुकलेला नव्हता, आणि ज्याने कोर्टाचे कागद टंकलेले आहेत त्याला ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते ठाऊक असते. मांडणी मूळ प्रतीसारखी, परिच्छेदांचे क्रमांक जागच्या जागी, शुद्धलेखन नीट. फोन उचलणारी मुलगी नम्र होती. एवढ्यावर पाचपैकी चार तारे सहज दिले असते.

पण पान 11 वर वकिलांच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते, आणि त्याचे मराठी असे आले होते : ‘सदर कायदा रद्द झाला असून कलम 20 खालील सूट आदेश रद्द कायद्याच्या कलम 3 अन्वये वगळण्यात आले आहेत.’ मसुदा समितीतल्या पाच जणांना वाचायला दिला, तर तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी तो कागद घेऊनच माझ्या दारात उभे राहिले. “मॅडम, इथे स्वच्छ लिहिलंय की आदेश वगळले. आदेशच नाही, तर अट कसली आणि शासनाला पैसे कसले भरायचे?” वाक्य वाचून त्यांनी काढलेला अर्थ अगदी सरळ होता. मूळ इंग्रजी वाक्याचा अर्थ मात्र याच्या नेमका उलटा आहे.

मूळ वाक्य सांगत होते की 1976 चा अधिनियम निरसित झाला, तरी कलम 20 खालचे सूट आदेश निरसनाच्या तडाख्यातून राखून ठेवले आहेत, म्हणजे ते आजही जिवंत आहेत. कायद्याच्या मराठीत या राखून ठेवण्याला ‘व्यावृत्ती’ असा शब्द आहे. अनेक मोठ्या अधिनियमांच्या शेवटी ‘निरसन व व्यावृत्ती’ असा मथळा दिसतो. पहिल्या शब्दाने जुना कायदा जातो आणि दुसऱ्याने त्या कायद्याखाली घडून गेलेल्या गोष्टींपैकी काय टिकणार ते ठरते. भाषांतरकाराने ‘वगळणे’ हा शब्द ‘निरसनातून बाजूला ठेवणे’ या अर्थाने वापरला असणार, हे मला समजते. परंतु सरकारी मराठीत एखादे कलम, खंड किंवा परंतुक काढून टाकले की तळटीपेत ‘वगळण्यात आले’ असेच लिहिलेले असते. त्यामुळे ज्या एका क्रियापदाचा अर्थ कायद्याच्या पुस्तकात ‘काढून टाकले’ असा रुजलेला आहे, तेच क्रियापद ‘वाचवले’ या अर्थाने योजले गेले, आणि जिवंत आदेश कागदावर मेला.

याची किंमत आमच्यासाठी लाखांत होती. निरसनाचा केंद्रीय कायदा 1999 चा. जमिनीचा विषय राज्यांचा असल्यामुळे 1976 चा मूळ कायदाच संविधानाच्या अनुच्छेद 252 खाली, राज्यांनी ठराव केल्यावर संसदेने केला होता, आणि तो काढून टाकायचा तरी प्रत्येक राज्याने तसाच ठराव करून निरसन कायदा अंगीकारणे आवश्यक होते. महाराष्ट्राने तो 29 नोव्हेंबर 2007 पासून अंगीकारला. त्यानंतर कित्येक वर्षे ‘कायदाच गेला, आता कसल्या अटी’ असा युक्तिवाद चालू राहिला, आणि 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने सांगितले की कलम 20 चे सूट आदेश व त्यांतील अटी निरसनानंतरही टिकून आहेत. मग 2019 साली राज्य शासनाने एकरकमी अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून या अटींतून मोकळे होण्याची वाट काढली. म्हणजे आमच्या सभासदाच्या ‘पैसे कसले भरायचे’ या प्रश्नावर न्यायालयाचा एक सविस्तर निकाल झालेला आहे, आणि 24,957 रुपये मोजून आम्ही त्या निकालाच्या विरुद्ध जाणारे वाक्य विकत घेतले होते.

ते वाक्य सापडल्यावर मी सगळी पाने पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. ‘रद्द’ हा शब्द 34 पानांत 61 वेळा आला होता. इंग्रजी प्रतीत त्या 61 जागी सात निरनिराळे शब्द होते, आणि आमच्या वकिलांचा एकंदर स्वभाव पाहता त्यांनी ते सातही जाणूनबुजून वापरले होते.

येथे ‘रद्द’ या शब्दाची बाजूही मांडली पाहिजे. मला तो शब्द आवडतो. अरबीतून आला, दप्तरांत रुळला, ‘बातल’ जोडीला घेऊन अधिक वजनदार झाला, आणि आज गाडी रद्द, परीक्षा रद्द, लग्न रद्द अशा कोणत्याही घटनेला तो पुरतो. बोलताना ‘कायदा रद्द झाला’ म्हणण्यात काहीही चूक नाही. ‘निरसन’ म्हटले की सामान्य वाचकाला शंकानिरसन आठवते, कायदा आठवत नाही, ही अडचणही खरी आहे, जरी शंका घालवणे आणि कायदा घालवणे यांत ‘बाहेर टाकणे’ ही मूळ कल्पना एकच असली. परंतु वकिलांच्या अभिप्रायात कायदा संपला एवढे कळून भागत नाही. तो कोणी संपवला, कोणत्या दिवसापासून संपला, आणि त्याच्या पोटातले काय शिल्लक राहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या एकेका क्रियापदात दडलेली असतात, आणि ‘रद्द’ त्यांतले एकही उत्तर देत नाही.

निरसन करायचे ते विधिमंडळाने, आणि ते साधारणपणे पुढे पाहते. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 च्या कलम 6 ने हे एकदाचे ठरवून टाकले आहे : वेगळा उद्देश दिसत नसेल, तर निरसनामुळे आधी झालेल्या कृती, मिळालेले हक्क, अंगावर आलेली दायित्वे, ओढवलेली शिक्षा आणि चालू असलेली कार्यवाही यांना धक्का लागत नाही. भारतीय दंड संहितेचे उदाहरण ताजे आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून अमलात आली आणि तिच्या कलम 358 ने जुनी संहिता निरसित केली. तरीही 30 जूनला झालेल्या फसवणुकीचा खटला आजही जुन्या कलम 420 खालीच चालेल आणि 1 जुलैला झालेल्या फसवणुकीचा नव्या कलम 318 खाली. ‘चारसोबीस’ हा शब्द बोलीतून जायला तर आणखी दोन पिढ्या लागतील, तो भाग वेगळा.

न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवणे ही निराळीच गोष्ट आहे. तेथे कायदा मुळातच शून्यवत होता असे सांगितले जाते, आणि पुस्तकात त्याचे शब्द मात्र तसेच छापलेले राहू शकतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले, आणि तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे पाहून 2021 साली त्याच न्यायालयाला आश्चर्य व्यक्त करावे लागले, यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. आमच्या कागदांत हा विषय सहकाराच्या अंगाने आला होता. सहकारी संस्थांविषयीची 97 वी घटनादुरुस्ती ‘रद्द झाली’ असे पान 19 वर एका ओळीत लिहिलेले होते. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाने 20 जुलै 2021 रोजी, राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थन घेतलेले नसल्यामुळे, त्या दुरुस्तीने आणलेला भाग राज्यांतील सहकारी संस्थांपुरता घटनाबाह्य ठरवला आणि बहुराज्य सहकारी संस्थांच्या बाबतीत तो चालू ठेवला. वकिलांच्या इंग्रजीत ही मर्यादा दीड ओळीत होती. मराठीत ती नव्हतीच.

‘व्यपगत’ हा शब्द भाषांतरकाराला ठाऊक नसावा, याचे मला सर्वांत अधिक नवल वाटले, कारण पुण्यात मिळकतीच्या कामात वावरणाऱ्या कोणालाही तो रोज ऐकू येतो. आमच्या भूखंडाच्या एका कडेवर विकास योजनेत आरक्षण होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे, दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, मालकाने नोटीस दिली, आणि त्यानंतर 24 महिन्यांतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाल्याचे मानले जाते. कोणी काही केले नाही म्हणूनच ते संपते. भाषांतरात ‘महापालिकेने आरक्षण रद्द केले’ असे छापून आले, म्हणजे जेथे कर्ताच नाही तेथे महापालिकेला कर्ता करून बसवले. अध्यादेशाचेही असेच आहे : विधिमंडळाची बैठक पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवडे उलटले आणि त्याचे अधिनियमात रूपांतर झाले नाही, तर त्याला कोणी मारावे लागत नाही.

उलट महापालिकेच्या महासभेचा ठराव शासनाने मोडला, तर तो ‘विखंडित’ होतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 ची बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असते, आणि ‘ठराव विखंडित करण्यासाठी शासनाकडे पाठवला’ हे वाक्य नगरसेवकांच्या तोंडीही सहज असते. शासन निर्णय जुन्या शासन निर्णयाची जागा घेतो, तेव्हा मंत्रालयाची भाषा ‘अधिक्रमित’ असा शब्द वापरते. हे दोन्ही शब्द आमच्या बाडात एकेकदाच हवे होते. त्यावर जास्त लिहीत नाही.

एक जागा अशीही होती जेथे मराठीत अतिशय देखणा शब्द तयार असून तो हुकला. वकिलांनी जमिनीचा इतिहास सांगताना 1950 च्या परगणा व कुलकर्णी वतनांच्या कायद्याचा उल्लेख केला होता, आणि भाषांतरात ‘वतने रद्द करण्याचा कायदा’ असे आले. ज्याने जुने सात-बारा आणि फेरफार वाचले आहेत त्याला माहीत असते की तो अधिनियम ‘वतने नाहीशी करण्याबाबत’चा आहे. एखादी प्रथा, पद, हक्कांची एक अख्खी रचना उठवायची तेव्हा त्या काळच्या भाषांतरकारांनी ‘नाहीशी करणे’ हे घरगुती क्रियापद उचलले आणि ते अधिनियमाच्या नावात बसवले. संस्कृतातून शब्द घडवण्याची हौस दांडगी असलेल्या त्या पिढीला हे सुचले, याचे मला आजही कौतुक वाटते.

आमच्या वकीलसाहेबांनी एकदा चहा पिताना सांगितले होते की रोमन लोकांकडे संपूर्ण कायदा काढून टाकण्याला एक, त्याचा काही भाग काढण्याला दुसरा, त्यात भर घालण्याला तिसरा आणि काही भाग बदलण्याला चौथा शब्द होता, आणि हे चारही शब्द ‘विचारणे’ या एकाच धातूपासून उपसर्ग लावून केलेले होते, कारण कायद्याचा प्रस्ताव लोकांच्या सभेपुढे प्रश्न म्हणून मांडला जात असे. तेव्हा मी ते टंकयंत्रापाशी बसून ऐकून घेतले आणि विसरले. त्या 61 जागांवर पेन्सिल फिरवताना ते आठवले.

आता भाषांतर कसे झाले असावे याविषयी. पान 14 वर ‘कायद्याचे संशोधन’ असे शब्द दिसल्यावर माझी खात्री पटली की इंग्रजीतून थेट मराठीत काम झालेले नाही, मध्ये कोठेतरी हिंदी आली आहे. हिंदीत कायद्यात दुरुस्ती करणे म्हणजे संशोधन. मराठीत संशोधन विद्यापीठात आणि प्रयोगशाळेत होते, कायद्यात आपण सुधारणा करतो. त्याच पानावर ‘आदेश निरस्त करण्यात आला’ असेही होते. निरस्त आणि निरसित हे एकाच घरातले शब्द खरे, परंतु महाराष्ट्राच्या राजपत्रात ‘निरसित’ असते आणि ‘निरस्त’ भोपाळ-लखनौच्या कागदांत. यंत्राने केलेल्या कच्च्या भाषांतरावरून हात फिरवला असेल, तर तसे ग्राहकाला सांगावे आणि दर त्याप्रमाणे लावावा. आम्हाला मात्र ‘अनुभवी विधी-भाषांतरकारांकडून’ असे सांगण्यात आले होते.

बाडातील शेवटची चार पाने वेगळी होती. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका सभासदाने भावाला दिलेले कुलमुखत्यारपत्र काढून घेतले होते, त्याचा तो लेख होता. येथे भाषांतरकाराने ‘रद्दलेख’ असे मथळ्यात लिहिले, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. नोंदणी कार्यालयात हाच शब्द चालतो आणि दुसरा कोणताही घातला तर तेथील लिपिक वर मान करून पाहतो. 61 पैकी नऊ ‘रद्द’ या चार पानांतले होते आणि त्या नऊंना मी हात लावला नाही.

तक्रार मी लेखी केली, पानांचे व ओळींचे क्रमांक देऊन. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तपासनीस बाईंचा फोन आला. आवाजावरून तरुण वाटल्या. सुरुवातीला त्यांनी ‘ताई, सर्वसामान्य वाचकाला समजावं म्हणून आम्ही सोपा शब्द ठेवतो’ असे सांगितले, आणि तो मुद्दा मी टाळला नाही. सभासदांना समजावे म्हणूनच तर आम्ही पैसे मोजले होते. मी त्यांना पान 11 चे वाक्य वाचून दाखवले आणि आमच्या सभासदाने त्याचा काय अर्थ घेतला ते सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे अर्थच फिरला.” त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संगणकावर शोधता येतात हे त्यांना ठाऊक होते. मूळ भाषांतरकाराने ते उघडले नव्हते, असे त्यांनीच सांगितले. नवी प्रत पाच दिवसांत, जादा पैसे न घेता आली.

दुसरी प्रत पुष्कळच चांगली आहे. पान 11 वर आता ‘उक्त अधिनियम निरसित झाला असला, तरी कलम 20 खालील सूट आदेश निरसन अधिनियमाच्या कलम 3 अन्वये व्यावृत्त असल्यामुळे ते व त्यांतील अटी अमलात आहेत’ असे वाक्य आहे, आणि त्याखाली, मी सुचवल्याप्रमाणे, साध्या भाषेत एक ओळ आहे : ‘म्हणजे कायदा गेला, पण आपला आदेश आणि त्याच्या अटी राहिल्या.’ कायद्याचा नेमका शब्द वर ठेवून खाली घरचे मराठी लिहिण्याची ही पद्धत मला योग्य वाटते. निव्वळ ‘व्यावृत्त’ लिहून सोडले असते, तर आमच्या 48 पैकी किमान 40 जणांनी तो शब्द पाहून पान उलटले असते.

पण ताकही फुंकून प्यायल्यासारखे काही ठिकाणी झाले आहे. संस्थेने 2016 सालचा वाहनतळाचा ठराव नंतरच्या सभेत मागे घेतला होता, तो आता ‘विखंडित’ झाला आहे. आमची संस्था म्हणजे राज्य शासन नव्हे, तेथे ‘ठराव मागे घेतला’ एवढे पुरे होते. न्यायालयाने तूर्त थांबवलेल्या एका नोटिशीला ‘निष्प्रभावित’ म्हटले आहे. तेथे ‘स्थगिती’ हवी होती. स्थगिती आणि समाप्ती यांची गल्लत वर्तमानपत्रेही करतात. कृषी कायद्यांच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने 12 जानेवारी 2021 रोजी अंमलबजावणीला स्थगिती दिली, पंतप्रधानांनी 19 नोव्हेंबरला कायदे मागे घेण्याची घोषणा केली, आणि निरसनाचे विधेयक 29 नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. या तिन्ही दिवशी ‘कायदे रद्द’ असे म्हणणारे लोक मला आमच्याच जिन्यात भेटले होते, आणि त्या तिन्ही दिवशी कायदे पुस्तकात जसेच्या तसे होते, कारण विधेयकाला राष्ट्रपतींची संमती त्यानंतर मिळाली.

सेवेविषयीचे माझे मत असे. जन्मदाखले, गुणपत्रिका, मुखत्यारपत्रे, करारनामे यांसाठी ही सेवा निःशंकपणे घ्यावी. आकडे चुकत नाहीत आणि वेळ पाळतात, आणि पुण्यातील इतर दर पाहता सव्वादोन रुपये जास्त नाहीत. अधिनियम, निकाल किंवा वकिलांचा अभिप्राय असेल, तर काम देतानाच लेखी सांगावे की निरसन, व्यावृत्ती, व्यपगत, विखंडित, अधिक्रमित, शून्यवत, वगळणे आणि स्थगिती हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले चालणार नाहीत, आणि तपासणी मराठी कायदेविषयक मजकूर वाचणाऱ्या व्यक्तीकडूनच व्हावी. तपासनीस बाईंकडे काम जाईल असे पाहता आले तर उत्तम. पहिल्या प्रतीला मी दोन तारे देते, दुसरीला चार, आणि तक्रार ऐकून घेण्याच्या पद्धतीला पाच.

वाहनतळाच्या ठरावातला ‘विखंडित’ आणि नोटिशीवरचा ‘निष्प्रभावित’ मी छायाप्रती काढण्याआधी स्वतःच पेनने दुरुस्त केले. वार्षिक सभेच्या आठ दिवस आधी 48 संच घरोघरी गेले. तिसऱ्या मजल्यावरचे काका पुन्हा दारात आले, या वेळी पान 11 वर पेन्सिलीची खूण करून, आणि त्यांचा प्रश्न एवढाच होता की अधिमूल्याची रक्कम प्रत्येक सदनिकेमागे किती येते आणि ती हप्त्यांनी भरता येते का.